पहिली खाच

शाहूपुरीतल्या लॅबमध्ये उन्मेष रोज सकाळी आधी स्वतःचं रक्त तपासायचा. माणसाची जनुकं वाचून कुठलं औषध त्याला मानवेल आणि कुठलं अंगावर येईल, हे सांगणारी ती लॅब. मशीन ठीक चाललंय का, हे बघायला कंपनीकडून ठरावीक रक्ताची नळी मिळायची. पण ती मागवायचा सगळ्यांनाच कंटाळा. म्हणून ट्रेच्या पहिल्या खाचेत उन्मेषचं रक्त. जनुकं जन्मभर बदलत नाहीत, त्यामुळे तीन वर्षं रोज तोच रिपोर्ट.

मंगळवारी तो बदलला. भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारं औषध या शरीरातून उतरणार नाही. माणूस शुद्धीत येईल, पण बोटही हलवू शकणार नाही. उन्मेषनं नळी पुन्हा लावली. तेच. गुरुवारी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि ते आता पुढं ढकलण्यासारखं नव्हतं.

त्यानं जुने रिपोर्ट चाळले, तेव्हा हुबेहूब असाच एक महिनाभर कुणी न नेलेल्या कागदांत सापडला. आकाराम, कुरुंदवाड. उन्मेषनं त्यावरच्या नंबरला फोन लावला. आकारामची थोरली बहीण, आक्का, बोलली.

"आता काय करू त्यो कागुद घिऊन? गेला की त्यो टेबलावरच. डोळं मिटल्यालं, पर पानी गळत हुतं. समदं ऐकत हुता."

"रिपोर्टसाठी थांबला का नाहीत?"

"तुमीच म्हनलासा की, आज खाच शिल्लक न्हाय, उद्या बघू. दुखणं थांबतंय व्हय?"

उन्मेषला तो दिवस आठवला. सोळा खाचा, सोळा पेशंट, आणि पहिल्या खाचेत तो स्वतः. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. फोन कधी ठेवला, हे त्याला कळलं नाही.

भूल देणाऱ्या डॉ. प्रियदर्शनींना त्यानं सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं: हे औषध नको. गुरुवारी ते वापरलंही नाही.

ऑपरेशन संपलं. उन्मेषला सगळं ऐकू येत होतं. ट्रेमध्ये ठेवलेली कात्री, "छान झालं" म्हणणारा आवाज.

पापणी उचलेना.

बोट हलेना. ओरडावं म्हटलं तर जीभ वळेना.

मग डोळे उघडले. त्यानं उघडले नव्हते.

"कसं वाटतंय, उन्मेष?" प्रियदर्शनींनी विचारलं.

त्याच्या तोंडानं घसा खाकरला.

"लई मोकळं वाटतंय बगा. आक्काला तेवढा फोन लावा."

डॉक्टरांनी त्याच्या गालावर ओघळलेलं पाणी कापसानं टिपलं.