वीस पानं पुढे

नव्या वर्षात बारा पुस्तकं वाचायची, असं ताईनं जाहीर केलं तेव्हा धाकटी बहीण जेवताजेवता खो खो हसली.

"गेल्या वर्षी सहा ठरवली होतीस. त्यातलं दीड वाचलंस."

"म्हणून तर या वेळी रोजची वीस पानं. एक कमी नाही, एक जास्त नाही."

ताई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. चोवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजलेली बाई. मोजणं तिच्या अंगात मुरलं होतं. कामावरून आली की ती खिडकीशी बसून वीस पानं वाचायची, पुठ्ठ्याची पट्टी खुणेला ठेवायची आणि वहीत पानाचा आकडा लिहायची. घरात दोघी बहिणी, तिसरं माणूस नाही.

दहाव्या दिवशी पुस्तक उघडलं, तर वहीत कालचा आकडा एकशे ऐंशी आणि पट्टी दोनशेवर. लिहिताना चूक झाली असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी वहीत दोनशे, पट्टी दोनशे वीसवर.

"तू वाचतेस का गं माझं पुस्तक?"

"मला मरायला फुरसत नाही, ताई." धाकटी मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग पट्टी काय पाय फुटून चालते?"

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

शब्दानं शब्द वाढला. धाकटीनं तरातरा बॅग भरली आणि ती भावाकडे निघून गेली.

मग ताईला घर खायला उठलं. या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या. शेवटी तिनं पुस्तक प्रयोगशाळेत नेलं, लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं, किल्ली ॲप्रनच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं. पट्टी वीस पानं पुढे होती.

तिनं ते पान चाचपलं. कपाट थंडगार होतं. पान कोमट होतं. नुकताच कुणी त्यावरून तळहात उचलावा तसं.

तिनं तिथूनच फोन लावला. "चुकलं माझं. तू नव्हतीस."

"मग कोण होतं?"

ताईनं कपाटाचं दार लावून टाकलं.

"ताई, मी रविवारी येते. तोवर ते पुस्तक वाचनालयात परत करून टाक बाई."

पण अर्धवट सोडणं तिच्या जिवावर आलं. रविवारी सकाळी, धाकटी यायच्या आत, ती खिडकीशी बसली. आज वीसचा नेम नाही. आज त्या पट्टीला गाठायचंच.

ती भराभरा वाचत सुटली. चहा निवला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. पट्टीचं पान आलं. तिनं पट्टी काढून बाजूला ठेवली.

आता पुढे कुणी नव्हतं.

तिला सुटल्यासारखं झालं. तिनं वाचन सुरू ठेवलं, जरा सावकाश.

खालचं पाणी थांबलं.

ती मधल्या परिच्छेदात होती. दोन्ही हात मांडीवर होते. वारा नव्हता.

उजव्या पानाचा कोपरा हळूच उचलला गेला.

आणि थांबला.

ताईनं नजर त्याच ओळीवर रोखून धरली. पुढचा शब्द वाचला नाही.

कोपरा तसाच अधांतरी राहिला. तिचं वाचून व्हायची वाट पाहत.