नुसता ठेका नको

पुनावळ्याला चढलेल्या तरुणाच्या इअरफोनची वायर रश्मीच्या बॅगेला अडकून निसटली, आणि चाकणला निघालेल्या कंपनीच्या पेंगुळलेल्या बसमध्ये एका बाईचा भरून आलेला आवाज घुमला.

"सॉरी हं..." गाणं बंद करत तो गडबडला. "मी अवधूत. डिझाइनला."

"रश्मी, क्वालिटी. बंद का केलंत?"

"अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं आहे. काय गोड चाल आहे ना?"

"गोड?" रश्मीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "शब्द ऐकलेत कधी? मालकाने तिचं पोर विकलंय. ती त्याला हाका मारतेय."

अवधूतचा चेहरा असा काही पडला, की चिडलेल्या रश्मीलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला गुलामगिरीतून निसटलेल्या एका बाईची आत्मकथा दिली. तीन दिवसांनी तो तारवटलेल्या डोळ्यांनी बसमध्ये चढला.

"झोप उडवलीत माझी."

"पुस्तकाने ना?"

"हो, म्हणजे... पुस्तकानेसुद्धा."

रश्मी खिडकीबाहेर बघत राहिली. कान मात्र तापले होते.

मग कंपनीचं गॅदरिंग आलं. रश्मीने ते गाणं मराठीत आणलं. आधी ती त्यामागची हकिगत सांगणार आणि मग अवधूत गाणार, असं ठरलं. रोज जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागे तालीम व्हायची. तो सूर चुकायचा, तिच्याकडे बघण्याच्या नादात.

कार्यक्रमाच्या दिवशी व्यवस्था बघणारे प्रभाकरसर विंगेत आले. "ते पोर विकणं-बिकणं काढा. मूड जातो. नुसता ठेका ठेवा, मागे आपला ज्योतीराम नाचेल."

पेंट शॉपचा ज्योतीराम तोंडाला काळं फासून, कुरळ्या केसांचा टोप घालून हसत उभा होता.

रश्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझे पप्पा भीमगीतं गातात," ती अवधूतला म्हणाली. "एका सोसायटीने त्यांनाही हेच सांगितलं होतं. ढोलकी वाजवा, शब्द नकोत. पप्पा उठून घरी आले. मीही चालले. तुम्हाला ठेका पुरत असेल, तर गा."

ती दारापर्यंत पोचली, तोच माइकवरून अवधूतचा आवाज आला. "रश्मी, हकिगत सांगितल्याशिवाय मी गाणार नाही."

सगळ्या माना वळल्या. ती ताडताड स्टेजवर चढली.

"बैलबाजारात बैलाचे दात बघतात ना," ती म्हणाली, "तसे त्या पोराचे दात बघून बोली लावली. आई समोर उभी होती. तिला रडायची बंदी होती, म्हणून ती गायली. आणि आज त्यांच्या रंगाचं सोंग काढून आपण हसायचं?"

विंगेत ज्योतीरामने हळूच टोप उतरवला.

अवधूत गाऊ लागला. पहिल्या कडव्यालाच माइक बंद झाला, तरी तो थांबला नाही. अर्धे लोक जेवणाकडे वळले. उरलेले जागचे हलले नाहीत.

"पुढच्या वर्षी तुम्ही दोघं नकोत," प्रभाकरसर बजावून गेले.

बाहेर पायरीवर अवधूत तिच्याशेजारी टेकला. "अजून रागात आहात?"

"हो. आणि हा राग जाणारा नाही. उद्याही असेल, परवाही."

"असू दे. मला... रागासकट आवडता तुम्ही."

रश्मीने त्याच्याकडे पाहिलं. डोळे अजून धुमसत होते, ओठ मात्र फितूर झाले.

"मग आधी ते 'तुम्ही' सोड," ती म्हणाली.