आयुर्वेदिकच तर आहे

क्लिनिकचा फोन वाजला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि उर्मिलाचे पाय आत्तापासूनच ठणकायला लागले होते. आखातातल्या मुसफ्फाच्या या लेबर कॅम्पमध्ये नर्स म्हणून एकोणीस वर्षं झाली. आता फोन वाजला की तिला आधी वैताग यायचा, काळजी नंतर.

"सिस्टर, यल्ला, लवकर या! भिकाजी यार्डात बसून रडतोय. म्हणतो, पत्रे श्वास घेतायत!" भिकाजीचा रूममेट जहूर ओरडत होता.

भिकाजी राजापूरकडचा, एसीच्या डक्टचं काम करणारा. इथल्या एकवीस वर्षांच्या नोकरीत चहापलीकडे व्यसन नाही. तिने त्याला आणून खाटेवर झोपवलं. तोंडाला दारूचा वास नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्या मात्र भल्यामोठ्या झाल्या होत्या. तिच्याकडच्या नशेच्या टेस्टमध्येही काही आलं नाही.

तेवढ्यात प्रोजेक्ट मॅनेजर निनादचा फोन आला.

"प्यायलाय तो. तसा रिपोर्ट करा, संध्याकाळच्या फ्लाइटने घरी पाठवू. खलास."

"सर, वास नाहीये."

"मग काहीतरी घेतलं असेल. आणि हे बघा, खोलीतला लाइट बंद करा. कोणी वाद घालू नका त्याच्याशी. चारपर्यंत उतरेल."

उर्मिलाने लाइट बंद केला. रिपोर्टही चारलाच द्यायचा होता.

अंधारात भिकाजीने तिचा हात धरला. "ताई, दारुडा म्हणून पाठवलंत तर गावात तोंड कसं दाखवू? त्यापेक्षा मारून टाका मला."

"गप पडा हो. कोणी मारत नाही तुम्हाला."

तिला त्याची फार दया आली. तिने बाहेर येऊन जहूरला समोर बसवलं.

"सकाळी काय खाल्लं त्याने?"

"चहा-चपाती. मी पण तेच खाल्लं."

"औषध?"

"गुडघ्यासाठी अश्वगंधा. काल आणली. उशीखाली बाटली आहे."

"कुठून आणली?"

"काल सुट्टी होती ना. कुठल्याशा साहेबांच्या घरी एसी बघायला गेलेला. येताना थालीपीठं पण आणली. दोन मला दिली. मी तर ठणठणीत आहे, सिस्टर!"

जहूरने बाटली आणून दिली. लेबलवर छापलं होतं, 'साठ गोळ्या'. आत होत्या कॅप्सूल, तपकिरी पूड भरलेल्या, कुठली गच्च, कुठली अर्धी. झाकणाच्या आत बारीक पेनाने आकडे होते: २, ५, ८, ११, १४.

दोन वाजता भिकाजी जरा भानावर आला.

"किती घेतल्यात?"

"दहा."

"दहा? अहो, काय हे!"

"काल एक घेतली, काहीच फरक नाही. मग आज सकाळी म्हटलं, आयुर्वेदिकच तर आहे, अपाय थोडाच होतोय?"

उर्मिलाने कपाळाला हात लावला. ती स्वतःही अर्धं आयुष्य हेच ऐकत आली होती.

"दिली कोणी?"

भिकाजीने तोंड फिरवलं. "चांगल्या मनाने दिलीय ताई. जेलमध्ये घाला, नाव घेणार नाही."

ती खुर्चीत बसली, पाय स्टुलावर ठेवले आणि बाटलीकडे बघत राहिली. मग तिने निनादला फोन केला. "सर, रिपोर्टच्या सहीला तुम्हीच या."

साडेतीनला तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओढलेला चेहरा. तिने बाटली टेबलावर ठेवली.

"ही तुमची आहे, सर."

"काहीतरीच काय! तुम्ही काय डिटेक्टिव्ह आहात?"

"नाही हो. मला घरी जाऊन पाय शेकायचेत. म्हणून सरळ बोलते. गोळ्यांच्या बाटलीत हाताने भरलेल्या कॅप्सूल आहेत. झाकणावर तारखा आहेत, दर तिसऱ्या दिवसाच्या. आमच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये हीच पद्धत सांगितली होती. भास घडवणाऱ्या अळंब्यांची पूड, अगदी चिमूटभर, एक दिवस घ्यायची, दोन दिवस सोडायची. डिप्रेशन कमी होतं म्हणून लोक चोरून घेतात. एकीने काही होत नाही. भिकाजीने दहा खाल्ल्या."

"पण मीच कशावरून?"

"थालीपीठं दिली म्हणजे मराठी घर. कंपनीत असे साहेब तिघं. पण दारुड्याच्या खोलीतला लाइट बंद करा असं कोण सांगतं, सर? वाद घालू नका, चारपर्यंत उतरेल. इतकं नेमकं ठाऊक होतं फक्त तुम्हाला."

निनाद खाली बसला. 

"माझ्या बायकोने, संपदाने दिली त्याला. तिला ती अश्वगंधाच वाटते. काल बाटली दिसेना, तिला विचारलं, तर म्हणाली, बिचाऱ्याचे गुडघे दुखत होते." त्याने बाटली हातात घेतली. "दोन वर्षं सकाळी उठावंसंच वाटायचं नाही, सिस्टर. आमची लेक इरा शाळेतून यायची, मी तसाच बसलेलो असायचो."

"डॉक्टर इथेही आहेत."

"ऑफिसात कळलं असतं."

"म्हणून तुम्ही भिकाजीला विमानात बसवणार होतात?"

तो रडायला लागला. उर्मिलालाही गलबलून आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. तिने रिपोर्ट त्याच्यासमोर सरकवला.

"सगळं लिहिलंय. बाटली कोणाची, तेवढं रिकामं ठेवलंय."

"जेल होईल मला."

"होईल. पण पोलीस विचारतील तेव्हा भिकाजी किती दिवस तोंड मिटून बसेल? आणि त्याने नाव घेतलं तर ते तुमचं नसेल, सर. संपदावहिनींचं असेल. बाटली त्यांच्या हातून गेलीय."

निनादने पेन घेतलं. एकदा खाली ठेवलं, परत उचललं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"मला खरंच बरं वाटत होतं हो," तो म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. तिला ते खोटं वाटलं नाही. तिने कागद घडी करून पाकिटात घातला आणि सेफ्टी ऑफिसला फोन लावला.

आतून भिकाजीची हाक आली. "ताई, रिपोर्ट गेला? काय लिहिलंत माझ्या नावापुढे?"

उर्मिलाने फोनवर हात ठेवला.

"पेशंट," ती म्हणाली. "पेशंट लिहिलंय. झोपा आता."