एक्केचाळीस सेकंद

मोठ्या सिस्टर त्या दुपारी निघाल्या, त्या एक किल्ली आणायला. इस्पितळातला एक्स-रेवाला नऊ दिवस कामावर आला नव्हता, फोन उचलत नव्हता, आणि एक्स-रेच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात राहिली होती. शिपायाला पाठवता आलं असतं. पण सिस्टरांना स्वतः जायचं होतं. किल्ली आणायची आणि जमलं तर त्याच्या कानाखाली एक काढायची, असं मनाशी ठरवूनच त्या बाहेर पडल्या.

कारण तसंच होतं. नऊ नंबरच्या पलंगावर महिनाभर एक म्हातारे मास्तर होते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेले. इतके संकोची, की नर्स अंग पुसायला आली तर डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "माफ करा हं." जणू आजारी पडणं हा त्यांचाच आगाऊपणा. शेवटच्या दिवशी ताप डोक्यात गेला. अंगावरचे कपडे त्यांनी ओढून फेकले. भिंतीला वर्ग समजून नद्यांची नावं विचारू लागले, आणि कोणी उत्तर देईना म्हणून लहान मुलासारखे आईला हाका मारत रडले. सिस्टर पडदा ओढून औषध आणायला गेल्या होत्या. चार मिनिटं. संध्याकाळी मास्तर गेले.

आठवडाभरात त्या चार मिनिटांतला एक व्हिडिओ घराघरांत पोचला. एक्केचाळीस सेकंद, पडद्याच्या फटीतून घेतलेले. कोणीतरी त्याला हसण्याचे आवाज जोडले, वर लिहिलं, 'मास्तरांचा शेवटचा तास'. चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. मास्तरांच्या लेकीला तो कसा दिसला? तिच्या कचेरीत शेजारच्या टेबलावरची बाई फोन घेऊन आली, "अगं, हे बघ, हसून हसून पोट दुखेल." त्या बाईला तरी काय ठाऊक? हेच तर. कोणालाच काही ठाऊक नसतं आणि सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं.

लेक इस्पितळात आली, तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "सिस्टर, पडदा होता ना?"

"होता गं."

"मग?"

तो 'मग' घेऊन सिस्टर मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. ते म्हणाले, "चार दिवस थांबा. लोकांना दुसरं काहीतरी मिळेल, हे विसरतील."

"लोक विसरतील हो. तिने काय करायचं?"

"मारणाऱ्याचा हात धरता येतो, सिस्टर. बघणाऱ्याचे डोळे कोण धरणार?"

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी तो व्हिडिओ पाहिला. एकदा, खरंखोटं करायला. दुसऱ्यांदा, घेतला कोणी ते शोधायला, आणि सापडलाच. पलंगाच्या चकचकीत दांडीत फिरत्या एक्स-रे यंत्राची पिवळी मूठ दिसत होती, आणि तिच्यावरचा हात. तिसऱ्यांदा का पाहिला, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

एक्स-रेवाल्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. दार त्याच्या आईने उघडलं, तेही वीतभर. म्हातारी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघून मागे सरली, मग त्यांच्या पायांकडे बघितलं, मग पुन्हा चेहऱ्याकडे. बराच वेळ. "या," ती शेवटी म्हणाली.

आत भर दुपारी अंधार होता. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती, त्यांवर चादरी ठोकल्या होत्या. हवा कोंदट, आणि तिला एक वास... तापलेल्या प्लॅस्टिकचा. एवढ्या उकाड्यात तो पस्तिशीचा बाप्या गळ्यापर्यंत घोंगडी ओढून खुर्चीत बसला होता. घामाने निथळत होता, पण घोंगडी सोडत नव्हता.

"किल्ली दे," सिस्टर म्हणाल्या. "आणि ते तोंड दाखव जरा. मास्तरांचं दाखवलंस ना जगाला?"

"काढून टाकला मी तो, सिस्टर. शप्पथ."

"तू काढलास! तुझ्याकडून निघालेला आता चाळीस हजारांकडे आहे, त्याचं काय?"

"मी एकालाच पाठवला होता... एका मित्राला. गंमत म्हणून."

"गंमत? मरणाऱ्या माणसाची लाज ही गंमत? तुझ्या बापाची असती तर?"

तो घोंगडीच्या आतून, अगदी हळू म्हणाला, "सिस्टर, इथे... लोक येतात."

"कसले लोक?"

"ओळखीचं कोणी नाही. पहिल्यांदा एक बाई आली. मी आंघोळ करत होतो, दाराला कडी होती. कोपऱ्यात उभी. रागावलेली नव्हती हो... बसची वाट बघताना माणूस समोरच्या भिंतीकडे बघतं ना, तशी बघत होती. दुसऱ्या दिवशी सहा-सात. आता मोजत नाही. जेवताना, झोपताना, संडासात. काही करत नाहीत. परवा मला रडू आलं, तर मागे कोणीतरी हसलं."

"आणि मास्तर? ते येत असतील ना?"

"नाही." त्याचा आवाज चिरकला. "ते एकदाही आले नाहीत. आले असते तर माफी तरी मागितली असती. ह्यांच्याकडे कोणाकोणाची मागू?"

सिस्टरांनी मनात म्हटलं, मन खातंय मेल्याला. खाऊ दे, चांगलं लचके तोडून खाऊ दे. त्यांना दया आली नाही, आणि न आल्याचं वाईटही वाटलं नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता कळलं ना, उघडं पडणं म्हणजे काय ते? कागद घे. काय केलंस ते लिही आणि सही कर. मी मास्तरांच्या लेकीला देणार आहे."

त्याने लिहिलं. फक्त मनगट घोंगडीबाहेर काढून लिहिलं. तो लिहीत असताना खोलीत आवाज होऊ लागला. फार बारीक. काचेवरून बोटं सरकावीत तसा, एक बोट नव्हे, पुष्कळ. सिस्टरांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. खुर्चीच्या मागचा कोपरा मघापेक्षा थोडा निळसर दिसत होता. वर्तमानपत्राला भोक पडलं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी लेकीच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "निदान कोणीतरी लिहून दिलं." तो कागद घेऊन ती मोठ्या डॉक्टरांसमोर बसली आणि उठलीच नाही. एक्स-रेवाल्याची नोकरी गेली. वॉर्डाच्या दारात फोन काढून ठेवायचा नियम झाला, आणि तो पाळला जातो का हे सिस्टर जातीने बघतात. व्हिडिओ मात्र अजून फिरतो. महिना-दोन महिन्यांनी कुठूनतरी वर येतो, लोक नव्याने हसतात.

हे सगळं त्या सांगतात. त्या दुपारी निघताना दारात काय झालं, ते एकदाच सांगितलं, तेही आवाज खाली आणून.

किल्ली आणि कागद घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा म्हातारी दाराची कडी धरून उभी होती. ती पुटपुटली, "माझ्याकडे तर फोनच नाही हो. मी काही पाहिलं नाही, काही केलं नाही. तरी मलाही दिसतात. सगळ्यांच्या तोंडावर उजेड असतो... हनुवटीखालून."

"दवाखान्यात दाखवा त्याला," सिस्टर म्हणाल्या. "झोपेचं औषध देतील."

"देतील." म्हातारी हलली नाही. "एक विचारू, बाई? रागावू नका."

"विचारा."

"तुम्ही आज दारातून कशा आलात?"

"म्हणजे?"

"एरवी नाही येत ना. तीनदा आलात, तिन्ही वेळा बोलला नाहीत काही. आज बोललात... म्हणून मला वाटलं, तुम्ही निराळ्या कोणी असाल."

"मी ह्या घरात पहिल्यांदाच येतेय, आजी."

म्हातारीने त्यांच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे पाहिलं. मग कडी काढली, दार उघडलं, आणि अंग चोरून बाजूला झाली.

"मग जाताना तिलाही घेऊन जा," ती म्हणाली. "ती बघा... त्याच्या खुर्चीमागे उभी आहे."