दात लावण्याआधीचा फोटो

"जिवंत माणसाला मेलेलं करून मिळेल का इथे?"

विचारणारा काचेच्या दारात उभा होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात प्लॅस्टिकची पिशवी, केसांवर चाकणची धूळ. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि एप्रिलचं ऊन अजून उतरायला तयार नव्हतं.

आम्रपालीने स्क्रीनवरची नजर काढली नाही. चिंचवड स्टेशनजवळच्या या स्टुडिओत ती चार वर्षं फोटो सुधारत होती. डाग काढायचे, सुरकुत्या पुसायच्या आणि फोटो लग्नाच्या बायोडेटाचा असेल तर रंग दोन छटा उजळ करायचा. हा शेवटचा नियम मालक नानासाहेबांचा. मेलेलं करून मागणारा मात्र पहिलाच होता.

"मिळेल," ती म्हणाली. "फोटो निघेपर्यंत जिवंत राहिलात तर."

तो हसला. तेव्हा तिने वर पाहिलं. डावा सुळा किंचित पुढे होता.

त्याचं नाव धम्मरत्न. चाकणच्या एका कंपनीत तो पहिल्या शिफ्टला होता. चौदा एप्रिलला जयंतीनिमित्त कंपनीत रक्तदान शिबिर होतं. मागच्या वर्षी अकरा जण आले होते, त्यातले दोघे सुई बघूनच परत गेले. म्हणून यंदा कमिटीने वेगळं पोस्टर ठरवलं होतं. एक पांढराफटक व्हॅम्पायर हात जोडून म्हणतोय, 'मला नको, गरजूंना द्या.'

"आणि व्हॅम्पायर तुम्ही?"

"सगळे म्हणाले, याचा एक दात आधीच तयार आहे." त्याने पिशवीतून खोटे दात काढून दाखवले. "हे आत्ता इथल्या बाजारात घेतले. पण बसत नाहीत. बोलायला गेलं की पडतात."

"मग दात मीच लावीन, कॉम्प्युटरवर. तुम्ही फक्त बसा. आणि हसू नका."

"तुम्ही समोर उभ्या राहणार?"

"फोटो मीच काढणारे."

"मग अवघड आहे," तो म्हणाला, आणि स्टुलावर ताठ बसला.

नानासाहेब बाहेर एका लग्नाच्या ऑर्डरवर होते. तिने दिवा त्याच्या हनुवटीखाली ठेवला. सत्तावीस फोटो काढले. चोवीसमध्ये तो हसत होता.

माणसाला गोरं करणं आणि रक्त नसलेलं करणं, ही दोन कामं वेगळी आहेत. गोरं करताना उजेड वाढवतात. इथे लाल रंग शोधून शोधून काढायचा होता. आधी गाल, मग कपाळ, मग थोडा निळसरपणा, डोळ्यांखाली सावली. ओठ सगळ्यात शेवटी. चेहरा चौपट मोठा करून आम्रपाली बसायची आणि जिथे म्हणून रक्त दिसेल तिथून ते पुसायची. नाकपुडीच्या कडेला. पापणीच्या कोपऱ्यात. कानाच्या पाळीत. भुवईत एक जुनी खूण होती, तीही तिला आता पाठ झाली. एवढ्या जवळून तिने कुणालाच पाहिलं नव्हतं... आणि हे तो समोर नसताना.

तो रोज पाचला यायचा. काम किती झालं ते बघायला, असं म्हणायचा. दोन चहा सांगायचा.

"आज मेलो का पूर्ण?"

"नाही. कान जिवंत आहेत अजून."

"एवढे लाल आहेत?"

"फोटोत आहेत."

"म्हणजे तेव्हा झाले असणार," तो कपाकडे बघत म्हणाला. "एरवी नसतात."

तिने माउस हलवला. काही न निवडता नुसताच हलवला.

चौथ्या दिवशी काम संपलं. दात लावले, डोळे लाल केले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दात लावण्याआधीचा पण द्या ना. आठवण म्हणून." तिने दोन्ही फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवले. तो निघाला. दारात थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं... आणि "येतो मॅडम," एवढंच म्हणाला.

शिबिराला एकशे त्रेचाळीस जण आले, असा त्याचा मेसेज आला. तिने अंगठा पाठवला. पाठवल्यावर वाटलं, दोन शब्द लिहायला हवे होते.

मग सोळा दिवस काहीच नाही.

पाचच्या सुमारास चौकात कंपन्यांच्या बस थांबायच्या. निळे शर्ट, करडे शर्ट उतरायचे आणि पांगायचे. आम्रपाली काचेतून बघायची, मग कामाला लागायची. सगळे गेले की ती त्याची फाइल उघडायची. डोळ्यांचा लाल थर बंद करायची. मग दात. मग निळसर छटा, मग डोळ्यांखालची सावली. एकेक थर निघायचा आणि त्या चेहऱ्यात रक्त परत यायचं. गालात, ओठांत, शेवटी कानांत. जिवंत झाला की ती फाइल बंद करायची. जतन काहीच करायची नाही.

सतराव्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली.

"घोळ झालाय, मॅडम."

आई कस्तुराबाई त्याच्यासाठी मुली बघत होती. त्याच्या मोबाइलमध्ये तिला तो दात लावण्याआधीचा फोटो सापडला. बायोडेटावर लावून तिने तो लातूरला एका स्थळाकडे पाठवूनही दिला.

"त्यांनी काही विचारलं नाही?"

"विचारलं ना. मुलगा मूळचाच एवढा गोरा आहे का, म्हणाले. पसंत आहे म्हणाले. रविवारी येतायत."

आम्रपालीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. चार दिवस तिने ज्या चेहऱ्यातून जीव काढला होता, तोच लोकांनी पसंत केला होता.

"आता खरा फोटो पाठवायचाय," तो म्हणाला. "येऊन मला बघतील आणि तोंडं पाडून जातील, त्यापेक्षा आधी कळलेलं बरं. बायोडेटापण नीट टाइप करून द्या."

तिने त्याला स्टुलावर बसवलं. या वेळी तो हसला नाही. एकच फोटो काढला, तो नीट आला. मग ती बायोडेटा टाइप करायला बसली. नाव, शिक्षण, नोकरी... पत्ता.

"निघोजे?" तिची बोटं थांबली. "तुम्ही निघोजेत राहता?"

"हो. चाकणलाच, कंपनीपासून दहा मिनिटांवर."

"आणि रोज पाचला इथे?"

"कंपनीच्या चिंचवडच्या बसमध्ये बसायचो. ड्रायव्हर ओळखीचा आहे. परत जाताना भोसरीवरून, दोन बस बदलून."

"चाकणला स्टुडिओ नाहीत?"

"आहेत. पाच-सहा." तो खाली बघत म्हणाला. "तिथे गर्दी असते."

"मग एवढे दिवस का नाही आलात?"

"काम संपलं होतं ना. काय सांगून येणार?"

ती स्क्रीनकडे वळली. नानासाहेब मागून येऊन उभे राहिले. "बायोडेटाचा ना? उजळ नाही केलास?"

"नाही केला."

"अगं, नकार येईल पोराला."

नानासाहेब आतल्या खोलीत गेले. आम्रपालीचा हात माउसवर तसाच राहिला. दोन छटा. अर्ध्या मिनिटाचं काम. फोटो आहे तसा जाऊ देणं हा खरेपणा होता... की तिथून नकार यावा, ही तिची इच्छा? तिने स्वतःला दोनदा विचारलं. उत्तर दोन्ही वेळा एकच आलं, आणि ते लपवून त्याला फोटो देणं तिला जमेना.

"हा फोटो मी आहे तसा ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्हाला तो प्रामाणिकपणा वाटेल. तसं नाहीये. तिकडच्यांनी नको म्हणावं असं मला वाटतंय. हे माहीत असू द्या... आणि मग ठरवा, पाठवायचा का."

पंखा फिरत होता. बाहेर रिक्षावाला कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत होता. धम्मरत्नने मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच फोन लावला.

"आई... हो, काढला फोटो. नाही पाठवत. ऐक ना... एक मुलगी आहे. चिंचवडची. हो, इथेच आहे." त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

आम्रपालीने तो घेतला. "जय भीम, आई."

पलीकडून आवाज आला, "जय भीम. त्यो फोटू तूच केलतास व्हय?"

"हो."

"लेकरू माझं ओळखूच येईना. म्या म्हनलं, पोस्टरसाठी पावडर लावली आसंल." मग काळजीने, "आता त्या लातूरच्या मान्सांला काय सांगू गं मी?"

"फोटो खोटा होता, म्हणून सांगा. आणि नाव माझं सांगा. मी बोलते त्यांच्याशी, हवं तर."

"तू कशाला बोलशील... मीच बोलते." एक लांब श्वास. "शनिवारी ये घरी. फोटूबिटू काय न्हाई, तूच ये."

फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

आम्रपालीने मोबाइल त्याच्या हातात ठेवला, पण आपला हात लगेच काढून घेतला नाही.

"निघोजेला यायला बस कुठून बदलायची ते सांग," ती म्हणाली.