मधले दिवस

“वहिनी, तू या घरात पाऊल टाकलंस आणि माझ्या दादाचं सोन्यासारखं आयुष्य मातीत गेलं!”

सांगलीहून नुकत्याच आलेल्या शरयूने हातातली वळकटी खाली न ठेवताच हे शब्द उच्चारले आणि दारात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या चारुलतेने नणंदेच्या पायांवर पाणी घातले. सहा वर्षे ती हेच ऐकत आली होती!

आतल्या खोलीत तिचा नवरा गंगाधर भिंतीकडे तोंड करून पडला होता. साताऱ्याच्या शाळेतला हा चित्रकलेचा मास्तर तीन आठवडे शाळेत गेला नव्हता. आणि त्याआधी? त्याआधी त्याने एका दिवसात घराच्या दर्शनी भिंतीवर अकरा हत्ती रंगवले होते आणि भल्या पहाटे सगळ्या आळीला पोहे खायला बोलावले होते! मोलकरीण भामाबाई अजून हसत होती, “मास्तरांनी मलाबी पाटावर बसवलं, आन् सोता वाढलं! लय ग्वाड माणूस बगा.”

चारुलतेला या दोन्ही ऋतूंची चाहूल आधी लागे. त्याच्या धोतराच्या निऱ्या घाईघाईने खोचल्या जाऊ लागल्या की ती कुंचले लपवी, दिवेलागणीलाच खिडक्या लावी आणि जायफळाचे दूध देऊन त्याला लवकर निजवी. तो भिंतीकडे वळला की रोज सकाळी हाताला धरून उन्हात बसवी आणि पुढ्यात सोलायच्या शेंगांनी भरलेले सूप ठेवी. “चारच सोला,” ती म्हणे. चार सोलल्या की तिला दिवाळी!

“तुझ्या पायगुणानं झालं हे!” शरयू रडत म्हणाली. “मी आईला सांगलीला नेते. आणि तू माहेरी जा, वाईला!”

“शरयू, पुरे!” कोपऱ्यातून सासूबाई उठल्या. “पाप माझं आहे गं... तू तेव्हा परकरी पोर होतीस. एकोणिसाव्या वर्षी गंगाधर दोन दिवस नदीच्या घाटावर गात बसला, अन् मग दोन महिने बोलला नाही. विषमज्वर झाला म्हणून मी जगाला सांगितलं. लग्न जमवताना लपवलं... या पोरीला फसवलं मी! आणि वर बोलही तिलाच लावू दिले!”

त्या सुनेपुढे हात जोडू लागल्या. चारुलतेने ते हात झटकन धरले.

“सासूबाई, मला ठाऊक होतं.”

“काय?”

“बघायला आलात, तेव्हा तुम्ही आईबरोबर देवघर बघायला आत गेलात ना... तेवढ्यात यांनी सांगितलं. म्हणाले, मी अधूनमधून आभाळात जातो, अधूनमधून विहिरीत. मधल्या दिवसांत बरा असतो. मी विचारलं, मधल्या दिवसांत मला चित्रं शिकवाल का?” ती डोळे पुसत हसली. “तुम्ही लेकासाठी लपवलंत. ते मी चव्हाट्यावर कशाला आणू? मला सांगितल्याचं कुणाला कळू न देण्याची शपथ यांनाही मीच घातली होती.”

“सहा वर्षं!... आणि तुला भीती नाही वाटली गं?” सासूबाईंनी विचारले.

“वाटते की! अजून वाटते. पण मधले दिवस फार छान असतात हो!”

शरयू वहिनीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. तोच आतून क्षीण, अडखळता आवाज आला,

“शरू... वहिनीला सोड. चहा तरी करू दे तिला.”

तिघीही रडता रडता हसू लागल्या! चहा मात्र शरयूने केला. चांगला कपभर आल्याचा!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंगुबाई ओसरीवर डोकावून हळूच म्हणाल्या, “मास्तर दिसत नाहीत कुठं?”

चारुलता काहीतरी सावरून सांगणार, तोच सासूबाई उंबऱ्यावर ताठ उभ्या राहिल्या.

“त्याला आजार आहे, रंगुबाई. जुना आहे, माझ्या घरचा आहे,” त्या सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आणि तो आज इतका तरी उठून बसतो, तो माझ्या या सुनेमुळं!”