दुखण्याचा हीट नंबर

कोल्हापुरात आता कुणी आजारी पडलं की शेजारीपाजारी "काय होतंय?" असं विचारत नाहीत. "कुणाचं?" असं विचारतात. म्हणजे दुखणं कुणाचं, कुठल्या मालकाच्या पदरी असताना लागलेलं. माणसंही सरावाने सांगतात, की गुडघा सूतगिरणीचा आहे, साखर बँकेची आहे, दमा मात्र दोघांत वाटून. ऐकणारा मान डोलावतो आणि यात हसण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कृष्णात चौगलेच्या फुप्फुसातली गाठ कुणाची, हे शिरोलीच्या तपासणी केंद्रात डॉक्टर नजमा मुजावर त्याला सांगत होत्या. शेजारी त्याची बायको सारिका पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती.

"गाठ बरी होणारी आहे, हे आधी ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "औषध आहे, लागू पडतं. आत्ता सुरू केलं तर तुम्ही खडखडीत व्हाल."

"मग करा की सुरू," सारिका म्हणाली.

"कुणाच्या नावावर, एवढंच राहिलंय."

एवढंच! पूर्वीचा कायदा साधा होता. ज्याच्या पगारावर माणूस, त्याने त्याचं दुखणंखुपणं बघायचं. पण कारखानदार काही दूधखुळे नव्हते. कुणी खोकायला लागला की त्याला गोड बोलून घरी पाठवायचे, आणि पुढचा मालक तो खोकला ऐकून दारातूनच वाटेला लावायचा. हे चाललं असतं असंच, पण शास्त्रज्ञांना उगमखूण सापडली, आणि दुखणं कुठल्या साली जन्मलं ते सांगता येऊ लागलं.

"पण साल कसं कळतं वो?" कृष्णातने विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. असं विचारणारे फार नसत. "आपलं शरीर पेशींचं. पेशी दुभागते, एकाच्या दोन होतात. असं होताना तिच्या आतल्या मजकुरात एखादी बारीक चूक राहून जाते. त्या चुकीनं बिघडत काही नाही, पण ती पुसलीही जात नाही, आणि अशा चुका वर्षागणिक ठरावीक गतीनं साठत जातात. आता एक पेशी वाईट चालीची निघाली आणि तिची गाठ झाली. त्या घडीपर्यंतच्या चुका गाठीतल्या झाडून सगळ्या पेशींत सारख्या सापडणार, कारण सगळ्या तिच्याच पोरी. पुढच्या चुका जिच्या तिच्या वेगळ्या. सारख्या तेवढ्या मोजायच्या, की पहिली कधी बिघडली ते कळतं. तीच उगमखूण."

"म्हंजे हीट नंबर," कृष्णात म्हणाला.

तो एका मोठ्या फाउंड्रीत माल तपासायला होता. भट्टीतून एका वेळेला वितळल्या लोखंडाचा जेवढा रस निघतो, ती एक हीट. त्या रसातून ओतलेल्या प्रत्येक नगावर तिचा नंबर उठवतात. नग कुठेही जाऊन तडकला, तरी नंबर बघून कुठल्या पाळीचा, कुणाच्या हातचा, हे सांगता येतं. कृष्णातने असे कितीतरी दोष ज्याच्या त्याच्या पदरात घातले होते. आणि ज्या नगावर नंबर उठलेलाच नाही, तो चांगला असला तरी मोडीत. तिथे तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

त्यामुळे नवा कायदा आला तेव्हा त्याला तो फार पटला होता. दुखणं ज्याच्याकडे जन्मलं, त्याने ते निस्तरायचं. याला म्हणायचं उगमदायित्व. युनियनने मिरवणूक काढली आणि कृष्णातने स्वतः हलगी बडवली. मालकांच्या नाकात आता वेसण पडली, असं सगळ्यांना वाटलं. कसली वेसण! आगीतून उठून फुफाट्यात, अशी गत झाली. मोठ्या कंपन्यांनी वकील ठेवले, विमे उतरवले, जुन्या माणसांची दुखणी एकेक करून 'आमच्या हीटची नव्हेत' म्हणून झटकली. औषधांच्या किमतीही अशा चढल्या की त्या कंपन्यांनीच मोजाव्यात. माणसाने घरदार विकलं तरी पहिल्या बाटलीपुढे जाता येत नव्हतं.

"तुमच्या आत्ताच्या कंपनीनं हात वर केलेत," डॉक्टर म्हणाल्या. "उगम तुमची मुलगी झाली त्या सालचा आहे. आणि त्या सालासमोर तुमच्या नोकरीच्या नोंदीत काहीच नाही. कुठं होता तुम्ही?"



"साल जरा इकडंतिकडं न्हाई का व्हायचं?" कृष्णातने विचारलं.

"माझ्या हातात असतं तर केलं असतं, चौगले. यंत्राचा आकडा माझ्या आधी वर पोचतो. तुम्ही फक्त मालकाचं नाव सांगा. पुढचं कायदा बघून घेईल."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"तर दुखणं बेवारस. बेवारसाला कळ मारायची गोळी मिळते, औषध मिळत नाही."

बाहेर पडल्या पडल्या सारिकाने तोंड उघडलं. "अण्णांचं नाव का न्हाई घेतलंसा?"

अण्णा म्हणजे पारिसअण्णा मगदूम. उद्यमनगरच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची बारकी भट्टी होती, अजूनही आहे. कृष्णातचा पहिला कारखाना बंद पडला, तेव्हा सारिका पोटुशी होती आणि तो प्रत्येक गेटवरून परत आला होता. अण्णांना माणूस नको होता, तरी ते म्हणाले, "बस इथं, कृष्णा. भट्टीपाशी माणूस असलेला बरा." नाव कुठे लिहिलं नाही, पगार हातावर. प्राजक्ताचं बारसंही तिथेच झालं. मोल्ड उचलायच्या चेन ब्लॉकच्या हुकाला पाळणा बांधला आणि अण्णांच्या बायकोने आत्या होऊन पोरीच्या कानात नाव सांगितलं.

"त्यांची भट्टी जाईल, सारे. राहतं घर जाईल. खाल्ल्या घरचे वासे मोजू व्हय?"

"वासे मोजाय सांगत न्हाई मी. जगाय सांगते." ती त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. "अण्णांचं वय झालंय. तुमचं झालंय का? प्राजूनं काय बघायचं?"

तिचं चुकत नव्हतं आणि त्याचंही नव्हतं. कायदाच असा होता, की आजारी माणसाने जगायचं तर कुणाला बुडवायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कृष्णातने मनाशी ठरवलं, की नाव घ्यायचं नाही. पण अण्णांच्या कानावर घालायचं, म्हणजे म्हातारा धसका घेऊन बसायचा नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला अण्णांच्या तोंडून एकदा 'कृष्णा' ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी तो दुसऱ्या दिवशी एकटाच गेला.

शेडच्या दारावर पाटी होती, 'कामाला माणूस नको.' आत दोन पोरं साचे फोडत होती. अण्णा अर्धवट उठले, सवयीने स्टूल ओढायला हात गेला आणि मध्येच थांबला. बातमी आधीच पोचली होती.

"बोला, काय काम होतं?"

कृष्णातने मागे वळून पाहिलं. अण्णा दुसऱ्याच कुणाशी बोलतायत, असं त्याला वाटलं.

"अण्णा, मी..."

"चौगले ना तुम्ही? मोठ्या फाउंड्रीतले?" अण्णांची नजर जमिनीवर होती. "आमच्याकडं कधी कामाला नव्हता तुम्ही. ह्या पोरांना विचारा पाहिजे तर."

पोरं बिचारी काल-परवाची. त्यांनी माना हलवल्या. नगामागे चार ग्रॅम वजन कमी भरलं तर आपल्या मालाची आख्खी गाडी परत बोलावणारे अण्णा, आणि ते आज धडधडीत खोटं बोलत होते. वर चेन ब्लॉकचा हूक तसाच लोंबत होता. कृष्णातला फार वाईट वाटलं. गाठ कळली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं. 'कृष्णा, वाचव मला' असं अण्णा म्हणाले असते, तर तो हसत मरायला तयार होता. पण त्या 'तुम्ही'पुढे त्याने आणलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

"न्हाई जी," तो म्हणाला. "पत्ता चुकला."

"पाणी द्या रे यांना," अण्णा म्हणाले. तोवर कृष्णात दाराबाहेर पडला होता.

केंद्रावर डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "त्या साली कुठं होता?"

"कुठंच नव्हतो."

"असं कसं? माणूस कुठंतरी असतोच की."

"न्हाई, मॅडम. विचारून आलो मी."

डॉक्टरांना सगळं उमगलं असावं. त्यांनी सारिकाकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय? बायकोचा शब्दही धरतात."

कृष्णातने सारिकाचा हात दाबून धरला. आदल्या रात्री त्याने तिला प्राजूची शपथ घातली होती. तिने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी नाइलाजाने 'बेवारस' असं टाइप केलं. मग सारिका खाली मान घालून, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याला म्हणाली, "मग प्राजूचा पाळणा कुठं बांधला होता वो आपण?"

कृष्णातने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तो वाचला असता.